मधलं स्टूल

५ जानेवारी १९९७, रविवार

ही वही शेठच्या ऑफिसातून मिळाली, फ्रेंचसाठी. पहिली दोन पानं क्रियापदांनी भरली. तिसऱ्या पानापासून माझं सुरू. सुरतेतल्या उधन्याच्या आमच्या एका खोलीत मन मोकळं करायला दुसरी जागा नाही.

हकीकत अशी आहे. आमच्या पलसाण्याच्या कारखान्यात फ्रान्समधल्या एका बंद पडलेल्या मिलचे बारा जुने माग येत आहेत. ते जोडायला तिकडचा फिटर येणार. त्याला इंग्रजी बेताचं, शेठला त्याहून बेताचं. शेठ मला म्हणाले, "योगिता, तू घरे अहिराणी बोले, निशाळमां मराठी भणी, अमारी साथे गुजराती, रस्ता पर हिंदी. चार आवडे छे, तो पांचमी शीखी जा." जसं काही पाचवी पोळीच वाढून घ्यायची आहे! पण मी कुठली नाही म्हणायला? टायपिंग करून करून बोटं कंटाळली होती.

म्हणून दिवाळीपासून आठवड्यातून तीनदा नानपुऱ्याला हसुमतीबेनकडे जाते. त्यांचं लहानपण मादागास्करात गेलं, वडिलांचं तिथे कापडाचं दुकान होतं. शिकवतात गुजरातीतून, रागावतात फ्रेंचमधून.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सगळं सुरत गच्चीवर, पतंग उडवतंय. मी मात्र उंधियू खायच्या निमित्ताने हसुमतीबेनकडे गेले आणि त्यांनी उंधियूबरोबर धडाही वाढला.

आज स्वतःवर उलटणारी क्रियापदं. 'ज म लाव', म्हणजे मी मला धुते. 'ज म लेव', मी मला उठवते. 'ज म कुश', मी मला झोपवते. आम्ही सरळ अंघोळ करतो, उठतो, झोपतो. फ्रेंच माणसाला प्रत्येक वेळी स्वतःला हाताला धरून न्यावं लागतं. मी म्हटलं, आमच्याकडे सकाळी उठवायचं काम आई करते, तिला कोणतं क्रियापद? हसुमतीबेन हसल्या नाहीत. म्हणाल्या, मग तो 'म' काढून टाक, दुसऱ्याने केलं की तो लागत नाही.

१९ जानेवारी, रविवार

आज त्याच क्रियापदांचं दुसरं रूप. माणसं दोन झाली की तीच क्रिया एकमेकांवर जाते. 'इल स पार्ल', ते एकमेकांशी बोलतात. 'इल स रगार्द', ते एकमेकांकडे बघतात. पण हेच वाक्य, दोघं आपापल्या आरशात बघत असले तरी चालतं. मग कळायचं कसं? त्या म्हणाल्या, आजूबाजूला बघायचं, आणि तरी शंका राहिली तर 'लं लोत्र' जोडायचं, एक दुसऱ्याला.

दहा वाक्यं इथेच बसून लिही म्हणाल्या. मी माझ्या घरावरच लिहिली. माझे आबा, म्हणजे धुडकू, आणि धाकटे उखाकाका. ते एकमेकांशी बोलत नाहीत. ते एकमेकांच्या घरी जेवत नाहीत. ते एकमेकांना हाक मारत नाहीत. भराभर झाली. हसुमतीबेननी वाक्यं वाचली आणि चष्मा वर सरकवून विचारलं, "बेटा, तारां वाक्योमां बधे 'नथी' केम आवे छे?"

मी म्हटलं, नकाराचा सराव पण होतो ना.

२६ जानेवारी, रविवार

आता आबा-काकांचं लिहूनच टाकते.

दोघं आमच्या कारखान्यात वहीफणीचं काम करतात. माग सुरू करायच्या आधी बीमवरचा, म्हणजे ताण्याच्या रुळावरचा, एकेक धागा तारेच्या चौकटीतल्या डोळ्यातून ओवायचा, मग फणीच्या दातातून काढायचा. चौकटीच्या एका बाजूला आबा बसतात, धागा निवडून पुढे करतात. समोर काका, डोळ्यातून लोखंडी आकडा घालून तो ओढून घेतात. पाच-पाच हजार धागे. दोघांची नजर चार हातांवर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. आणि सात वर्षं झाली, दोघांत शब्द नाही!

तरी जोडी मोडत नाही, कारण यांच्याइतका हात दुसऱ्या कोणाचा जुळत नाही. साध्या कापडाला बोलावं लागतच नाही, हातच बोलतात. लागलंच काही तर मी आहे. "योगिता, तुना काकाले सांग, उद्या लवकर ये." काका शेजारच्याच खोलीत राहतात, भिंतीपलीकडे सगळं ऐकू जातं, तरी मी जायचं, सांगायचं, उत्तर आणायचं. काका म्हणतात, "तुना बापले सांग, बीडी कमी पी, धागाले वास लागस." मी घरी येऊन सांगते, काका तब्येतीला जपा म्हणताहेत. आई म्हणते 'ध'चा 'मा' करू नकोस. मी कशाला करू? मी फक्त थोडी साखर घालते. माझ्यामुळेच तर ही जोडी टिकली आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

पापड लाटताना आईने पुन्हा ती जुनी गोष्ट काढली. आमची आजी सात वर्षांपूर्वी गावी, अमळनेरजवळ, वारली. तार आबांच्या हातात पडली. आबा मिळेल त्या गाडीने निघाले. काका त्या दिवशी उधन्यातल्या दुसऱ्या कारखान्यात बदली कामावर होते. आबांनी त्यांना निरोप पाठवला. काका आले दुसऱ्या दिवशी दुपारी. तोपर्यंत सगळं उरकलं होतं. आबांनी भावकीसमोर त्यांना म्हटलं, मायपेक्षा बीम मोठं झालं का तुला? तेव्हापासून हे असं. आई म्हणते, आबांचं एकच पालुपद, "मी सांगं व्हतं."

निरोप घेऊन मीच धावले होते. तेरा वर्षांची होते, चप्पल पण घातली नव्हती. त्या दिवसाचं एवढंच नीट आठवतं.

दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन्ही खोल्यांत आजीच्या नावाने वेगवेगळी घागर भरतात. एकच आजी, दोन घागरी. वरून कुठल्या घरी पाणी प्यायला येत असेल बिचारी!

१२ फेब्रुवारी, बुधवार

मस्यू जेरार आले. उंच, टक्कल, हात तेलाने कायमचे काळे झालेले. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, ते पुष्कळ बोलले, मला त्यातला चौथा हिस्सा कळला. बाकीचं बोटांनी. हे माग ज्या मिलमधले, तिथेच ते एकोणतीस वर्षं होते. मिल बंद झाली, माग विकले, तर मागांबरोबर हेही आले. खोकी उघडली तेव्हा एका मागावर त्यांनी घोड्याच्या पाठीवर थोपटतात तसं थोपटलं. 

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज डोक्यावर आभाळ कोसळलं.

नव्या मागांना बारा चौकटी. नक्षीचं कापड. कुठला धागा कितव्या चौकटीत, ते कागदावर बघून घालायचं. कागद आबांच्या बाजूला, आकडा काकांच्या हातात. जेरार म्हणाले, एकाने मोठ्याने चौकटीचा नंबर म्हणायचा, दुसऱ्याने तो परत म्हणायचा, मगच धागा ओवायचा. त्यांच्याकडे असंच करतात. हे मीच भाषांतर करून दोघांना सांगितलं. दोघंही माझ्याकडे बघत राहिले.

शेठ स्पष्ट बोलले. आठ मार्चला व्यापारी कापड बघायला येणार, त्या दिवशी पहिला माग चालला पाहिजे. या दोघांना जमत नसेल तर भिवंडीहून जोडी बोलावतो, मग पुढची सगळी बीमं तीच भरणार. आबा चौपन्न वर्षांचे आहेत. या वयात त्यांना कोण नवं काम देणार? काकांचं तेच. एकट्या माणसाला वहीफणीत कोणी विचारत नाही.

घरी आबा म्हणाले, "त्याले सांग, जमाडी लेऊ." काका म्हणाले, "त्याले सांग, तूच मझार बठ." म्हणजे मध्ये मी बसायचं. आबा आकडा मला सांगणार, मी काकांना, काका मला, मी आबांना. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला थोडा अभिमानच वाटला.

२३ फेब्रुवारी, रविवार

काका आज ओट्यावर एकटेच बसले होते. मी चहा नेला. विचारलं नव्हतं तरी बोलले. "माय गई अन माले कोनी काही सांगं नही. बरं नही, इतलंच कानवर उनं. अर्धं बीम सोडी कसं येऊ? माले वाटनं, सकाळे जाऊ, तिना जोडे बसू." मग चहा बशीत ओतला. आबांसारखेच ओठ आवळतात.

म्हणजे आबा म्हणतात सांगितलं, काका म्हणतात नाही सांगितलं. दोघांपैकी कोण खोटं बोलतंय देव जाणे. मला दोघांचंही खरं वाटतं, ही माझी पंचाईत.

२ मार्च, रविवार

हसुमतीबेनकडे शेवटचा तास. मी फुशारकीने सांगितलं की जेरार शेठवर चिडून काहीतरी बोलले ते मी गोड करून सांगितलं. वाटलं शाबासकी मिळेल. त्या गंभीर झाल्या. "दुभाषियाए खांड नहीं नाखवानी. कडवुं होय तो कडवुं आपवानुं. पीनारो नक्की करशे." साखर घालू नये हे त्यांचं म्हणणं फ्रेंचपुरतं बरोबर आहे. घरात असं चालत नाही.

६ मार्च, गुरुवार

काल बीम सुरू झालं. दोघांच्या मध्ये, चौकटीच्या कडेला माझं लाकडी स्टूल. आबा हळूच म्हणतात "चार", मी मोठ्याने म्हणते "चार", काका मला म्हणतात "चार", मी आबांना म्हणते "चार". नऊ, नऊ, नऊ, नऊ. सगळे कामगार येऊन बघून गेले. जेरारही उभे राहिले. म्हणाले, "इल न स पार्ल पा?" हे एकमेकांशी बोलत नाहीत? मी म्हटलं, "नों, मस्यू." एवढं अचूक फ्रेंच मी पहिल्यांदाच बोलले असेन. ते म्हणाले, आमच्याकडे मागांच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही तरी माणसं ओठांनी बोलायची, इथे तर शांत आहे.

कासवाच्या चालीने का होईना, आज अर्धं झालं.

७ मार्च, शुक्रवार



सकाळी आबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "थांबाड त्याले. फणीना एक दात रिकामा सुटना. परत घेवाले सांग." काका सकाळपासून आधीच धुसफुसत होते. मला वाटलं, आबा तुमची चूक काढताहेत म्हटलं तर हे उठून जातील. चहानंतर गोडीने सांगू. म्हणून काकांकडे वाकून हळूच म्हटलं, "काका, चहा लेऊ." आबांना वाटलं मी सांगितलं. तेवढ्यात जेरारनी मला ऑफिसात बोलावलं, परत येऊन मी पुन्हा आकडे म्हणायला बसले, आणि तो दात डोक्यातून साफ गेला.

तीनच्या सुमारास जेरारनी फणीमागे बत्ती धरली. मधोमध उजेडाची बारीक रेघ. एक दात रिकामा म्हणजे अख्ख्या ताग्यात उभी फट पडणार. त्यापुढचे सातशे धागे उपसून पुन्हा ओवायचे. आणि उद्या व्यापारी!

आबा माझ्याकडे बघून ओरडले, "मी सांगं व्हतं!"

काका माझ्याकडे बघून ओरडले, "माले कोनी काही सांगं नही!"

तीच दोन वाक्यं! भिंतीच्या अलीकडून एक आणि पलीकडून दुसरं, सात वर्षं ऐकत आले ती. आज पहिल्यांदा एकापाठोपाठ एक ऐकली, आणि दोन्ही खरी होती. मध्ये मी होते.

मग सगळं आठवलं. अनवाणी धावले ते, कारखान्याच्या दारातला सुताचा कचरा, काकांच्या हातातला आकडा. आबांनी मला सांगितलं होतं, "काकाले सांग, माय गई." माझ्या तोंडून ते निघेना. प्रवासाला निघणाऱ्या माणसाला मेल्याची बातमी कोणी तोंडावर सांगत नाही, बरं नाही म्हणतात, घरी पोचल्यावर कळतंच, हे मी मोठ्यांकडून ऐकलेलं. मी म्हटलं, "आजीले बरं नही, तुम्हले बलायेल शे." आणि पळून आले. सांगितलंय, झालं, असं स्वतःलाही सांगून टाकलं.

 गप्प बसता आलं असतं, अजूनही कोणाला कळलं नसतं. पण मग मी स्टुलावरून उठले आणि दोघांच्या मध्ये उभी राहून एकदमच सांगितलं, म्हणजे यावेळी निरोप नको. "काका, आजी गई तवय आबानी माले सांगं व्हतं, माय गई असं सांग. मी सांगं नही. मन्हा तोंडमाईन निंघनं नही. आज दातनं बी मीच सांगं नही. आबानी चूक नही, तुमनी बी नही. दोन्ही येळनी चूक मन्ही शे."

 काका उठले आणि बाहेर गेले. मला वाटलं संपलं, आता भिवंडीची जोडी. आबांनी मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ते नुसते बसून होते आणि बोटांत एक धागा पुढे धरलेला तसाच होता, समोर कोणी नसताना. त्यांच्या चष्म्यावर पाणी होतं.

काका नळावर तोंड धुऊन आले. जागेवर बसले. माझं स्टूल पायाने बाजूला सरकवलं, रागाने नाही, वाटेतली वस्तू बाजूला करतात तसं. सातशे धागे उपसून काढले, आबांनी समोरून हात लावला. मी जेरारना सगळं सांगावं म्हणून वळले, आणि पाठीमागून आबांचा आवाज आला, बसका, घसा खाकरून.

"सात."

मी तोंड उघडलं होतं, सवयीने. मिटून घेतलं.

लोखंडी आकडा सातव्या चौकटीकडे वळला. मग काका म्हणाले, "सात."

मी ऑफिसात जाऊन टाइपरायटरवर डोकं ठेवून रडले. कारखाना सुटेपर्यंत शेडमधून आकडे येत होते. तीन, तीन. अकरा, अकरा. मध्येच एकदा नुसते आकडे नव्हते. काका म्हणाले, "जिभाऊ, चष्मा पुशी ले. दखास नही तुले."

सात वर्षांनी कोणी आबांना जिभाऊ, थोरला भाऊ, म्हटलं.

८ मार्च, शनिवार

दोघं पहाटेच येऊन बसले होते. माग दुपारी एक वाजता चालला. व्यापारी चार वाजता आले, ताग्यावर हात फिरवून बघितला. रेघ नाही. शेठनी भिवंडीचं नाव काढलं नाही. जेरारनी दोघांकडे बोट दाखवून मला हळूच विचारलं, "इल स पार्ल?" मी म्हटलं, तुम्हीच जाऊन ऐका. ते गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

अजून काका माझ्याशी नीट बोलत नाहीत. बरोबरच आहे. सात वर्षं म्हणजे काही चहाचा कप नाही, सांडला आणि पुसला.

३० मार्च, रविवार

आज काकांनी हाक मारली. वाटलं निरोप असेल, उठले. म्हणाले, "बठ. तू तवय इतलीशी व्हती. तुना बापनी कशाले पाठाडं एवढ्या पोरले? अन मी तरी कशाले सात वरीस इचारं नही?" मग म्हणाले, आजीच्या उशाशी बसायचं राहिलं, ते काही परत येत नाही. मी काहीच साखर घातली नाही. मी म्हटलं, हो, नाही येत. दोघंही रडलो.

९ मे, शुक्रवार

आखाजी. दोघांचा रजेचा अर्ज मी परवाच टाइप केला, सात वर्षांत पहिल्यांदा एका कागदावर दोन नावं. पहाटे गावी पोचलो.

घागर एकच आणली होती. आबांनी हात पुढे केला आणि थांबले. मोठा मुलगा भरतो, असंच चालत आलंय. पण त्यांनी घागर काकांपुढे सरकवली. "तू भर. तवय तू राही गया व्हता." काकांनी पाणी ओतलं, घागर कलंडायला लागली तसा आबांनी खालून तिला हात लावला. आजीचं नाव दोघांनी बरोबरच घेतलं. खरबूज ठेवलं, सांजोरी ठेवली.

नंतर अंगणात जेवायला बसले. मी वाढत होते. आबांना पुरणपोळी हवी होती, पोळ्यांची टोपली काकांजवळ होती. आबांनी सवयीने माझ्याकडे बघितलं. मी तूप आणायच्या निमित्ताने आत निघून गेले आणि दाराआड उभी राहिले.

"उखा," आबा म्हणाले, "पोळी दे रे."